चौदा नंबरचं नाव

मार्सलीने बुधवारी सकाळपासून तिसऱ्यांदा ओटा पुसला. ओट्यावर काही सांडलेलं नव्हतं. पण हात थांबले की डोकं सुरू व्हायचं, आणि डोकं सुरू झालं की त्यात चौदा नंबर येऊन बसायचा.

चौदा नंबर म्हणजे कुंपणापलीकडचं घर, आणि त्या घरात एकटा राहणारा टोरकिल. लहानपणी दोघं एकाच बाकावर शिकलेली, एकाच मास्तरांचा मार खाल्लेली. पण गेल्या नऊ वर्षांत त्याचं नाव काही मार्सलीच्या तोंडून बाहेर पडलं नव्हतं. ‘चौदा नंबरचा मेंढा आमच्या बटाट्यात शिरलाय,’ किंवा ‘चौदा नंबरच्या धुराड्यातून धूर दिसत नाही, मेला की काय,’ असं ती बोलायची. गावालाही सवय झाली होती. लुइस बेटाच्या पश्चिम टोकाला बत्तीस घरांचं गाव ते. सगळी घरं एकाच रस्त्यावर आणि पुढ्यात समुद्र. तिथे एखाद्याचं तोंड बघायचं नाही असं ठरवणं काही सोपं नसतं, पण मार्सलीने ते करून दाखवलं होतं.

कारणही तसंच होतं म्हणा. नऊ वर्षांपूर्वी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी तीन वाजता तिचा नवरा रोरी मेंढ्यांना चारा टाकून आला आणि चुलीजवळ छाती धरून बसला. तोंडावर घाम, ओठ निळे. त्यांची गाडी दुरुस्तीला टाकलेली. गाव सगळं पलीकडच्या खेड्यात कुणाच्या तरी मयतीला गेलेलं. अँब्युलन्स यायची ती तीस मैलांवरच्या स्टॉर्नोवे शहरातून. मार्सली घरातल्या सपाता घालूनच गारांच्या माऱ्यात चौदा नंबरला धावली. टोरकिलची व्हॅन दारातच उभी होती.

“चावी दे,” ती ओरडली, “मी नेते त्याला!”

टोरकिलने दार बोटभर उघडलं. “बॅटरी उतरलीय,” एवढंच म्हणाला आणि दार लावून घेतलं.

अँब्युलन्स आली तेव्हा रोरी गेलेला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात मयत ठेवलेलं असताना मार्सलीने खिडकीतून पाहिलं, तर तीच व्हॅन रस्त्याने झोकात चालली होती.

त्यानंतर मार्सली प्रभुभोजनाला बसली नाही. तिला कुणी मनाई केली नव्हती. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मनाई करावीच लागत नाही, कारण मनात वैर घेऊन त्या पांढऱ्या चादरीच्या टेबलाशी बसायची कुणाची छातीच होत नाही. वर्षातून दोनदा, मार्चात आणि ऑक्टोबरात, गुरुवारपासून सोमवारपर्यंत सभा चालतात. शनिवारच्या सभेनंतर मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे ज्येष्ठ कारभारी, एकेकाच्या हातावर शिशाचा छोटा बिल्ला ठेवतात. तो बिल्ला रविवारी टेबलाशी द्यायचा. बिल्ला नाही तर भाकरही नाही आणि द्राक्षारसही नाही. मार्सलीची आई त्या टेबलाशी बसायची, आजी बसायची. मार्सली मात्र एकोणीस वेळा मागच्या बाकावर बसली, चुळबुळणाऱ्या पोरांच्या आणि बापाच्या धाकाने आलेल्या तरण्या बाप्यांच्या रांगेत. आता ती अडुसष्ट वर्षांची झाली होती. मागच्या बाकावरून मरायचं नाही, एवढं तिने या वर्षी पक्कं ठरवलं होतं.

म्हणूनच ऑक्टोबरच्या सभांच्या आठवड्यात सोमवारी ती आपल्या पायाने पाळकसाहेबांकडे गेली. पाळक वयाने तिच्या धाकट्या भाच्याएवढा, पण वस्ताद.

“मी त्याला क्षमा केलीय,” मार्सली म्हणाली.

“अरे वा! कुणाला?”

“तुम्हाला माहितेय की. चौदा नंबरला.”

“म्हणजे घराला क्षमा केलीत,” पाळक म्हणाले. “आतल्या माणसाचं काय?”

मार्सली जायला उठली.

“एक करा, मार्सलीबाई. त्याच्यासाठी प्रार्थना करा. वैऱ्यासाठी प्रार्थना करायची म्हणजे वर हात करून मोकळं व्हायचं नसतं. नाव घ्यायचं. त्याचं भलं मागायचं. शनिवारपर्यंत रोज. आणि मग खुशाल बिल्ला घ्यायला या, मी कोण अडवणार?”

एवढंच ना, असं म्हणत ती घरी आली. खुर्चीशी गुडघे टेकले, डोळे मिटले. “हे प्रभू,” तिने सुरुवात केली, “त्याला तू ओळखतोसच. त्याच्या लायकीप्रमाणे त्याला दे.” मग तिचं तिलाच कळलं की ही प्रार्थना नव्हे, ही तर पोलिसात तक्रार झाली. पुन्हा सुरुवात केली. त्याच्या नावाच्या पहिल्या अक्षरापाशी जीभ टाळूला चिकटली ती सुटेच ना. मंगळवारी तेच. बुधवारी सकाळी तर गुडघे टेकल्याबरोबर तिला गारांचा आवाज ऐकू यायला लागला, बाहेर लख्ख ऊन असताना. ती उठली आणि ओटा पुसायला लागली.

चौथ्यांदा फडकं हातात घेतलं तेव्हा तिला ती युक्ती सुचली. मंडळीत कुणासाठी प्रार्थना हवी असली, तर चिठ्ठीवर नाव लिहून फिनलेदादाकडे द्यायचं. फिनले हा मंडळीचा वडील, नात्याने तिचा चुलतभाऊ. तो ती चिठ्ठी पाळकांकडे देतो, आणि सभेत सगळे त्या नावासाठी उभे राहून प्रार्थना करतात. मग झालंच की! नाव घेतलं जाईल, भलं मागितलं जाईल, तेही एका तोंडाने नाही, तीनशे माणसांच्या मनाने. आपली जीभ तेवढी वाचली. तिने वाणसामानाच्या यादीमागे लिहिलं, ‘टोरकिल, चौदा नंबर. प्रार्थना व्हावी.’ हाताला काही त्रास झाला नाही. कागदाची घडी घालताना तिला केवढं हलकं वाटलं! शहाणी बाई, पण डोक्यात इतका गोंधळ होता की जन्मभर पाहिलेली एक साधी गोष्ट तिच्या ध्यानातच आली नाही.

ती तिला आठवली गुरुवारी, सभेत, आणि तीही वेळ निघून गेल्यावर. “आणि चौदा नंबरच्या टोरकिलसाठी,” पाळक व्यासपीठावरून म्हणाले, तशी सगळ्या मंडळीतून एक सुस्कारा उमटला. सर्दी-पडशाची चिठ्ठी त्या मंडळीत कुणी देतच नाही. चिठ्ठी जाते ती डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसाची.

दारातच शोनाकने तिचा दंड पकडला. शोनाक म्हणजे नऊ नंबरची विधवा. तिला कळलं की बेटाला कळलं.

“अगं, कधीपासून गं? परवा तर कुंपणाला खिळे ठोकत होता! पोटाचं आहे का? त्याचा बाप पोटानेच गेला.”

“मला काय माहीत,” मार्सली म्हणाली.

“अगोबाई, म्हणजे तोंडाने सांगवत नाही इतकं!” शोनाक म्हणाली आणि घरी जाऊन मटणाचं सूप चढवायला पळाली.

संध्याकाळपर्यंत चौदा नंबरला सुपाची तीन पातेली आणि एक खिरीचं भांडं पोचलं. सभांसाठी परगावचे पाहुणे घरोघर उतरलेले, त्यामुळे ज्यांनी टोरकिलला जन्मात पाहिलं नव्हतं तेही बघून आले. कॅनडातून चुलतभावाचा फोन आला. एकाने मेंढ्यांचं पुढे काय करायचं ठरलंय म्हणून हळूच चौकशी केली. शवपेट्याही करणारा गावचा सुतार तर ‘सहज आलो होतो’ म्हणत दारात उभा राहिला आणि टोरकिलची उंची नजरेने मोजून गेला. मार्सली हे सगळं पडद्याआडून बघत होती. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. आता हा आपलं नाव काढणार, आणि शनिवारी आपण कुठल्या तोंडाने हात पुढे करणार?

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. दारात टोरकिल, हातात सुपाचं पातेलं.

नऊ वर्षांत तिने त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. म्हातारा झाला होता मेला. दाढीचे खुंट पांढरे, एक पापणी जरा उतरलेली.

“हे शोनाकचं,” तो म्हणाला. “मला सूप नको. फिनलेकडे गेलो होतो. म्हणाला, अक्षर तुझं होतं.”

“होतं. मग?”

“तुला कुणी सांगितलं?”

“काय कुणी सांगितलं?”

“मार्सली, सोंग करू नकोस. इस्पितळातून कुणी बोललं का? मी जिवंत माणसाला सांगितलेलं नाही. कागद आला तो चुलीत घातला.” त्याचा आवाज चिरकला. “डोक्यात गाठ आहे. सोमवारी सकाळी ग्लासगोला कापणार आहेत. हे तुला कुणी सांगितलं?”

मार्सलीने दाराची चौकट धरली. “कुणी नाही,” ती म्हणाली.

टोरकिलने पातेलं छातीशी घट्ट धरलं.

“म्हणजे माहीत नसताना तू माझ्यासाठी...” टोरकिलचे डोळे भरून आले. “आई गेल्यापासून माझ्यासाठी कुणी प्रार्थना केली नव्हती गं.”

हे मात्र मार्सलीला सोसलं नाही. चोरीचं कौतुक कुणाला सोसतं? “मी नाही केली!” ती खेकसली. “ऐकलंस? मला तुझं नाव घेववत नाही. पाळकाने घे म्हणून सांगितलं, मला जमेना, म्हणून ते काम मी दुसऱ्यांच्या गळ्यात मारलं. मला बिल्ला हवाय. तुझ्याशी मला काही देणंघेणं नाही!”

टोरकिलने मान डोलावली. मग पातेलं उंबऱ्यावर ठेवून म्हणाला, “बॅटरी उतरली नव्हती.”

“ते ठाऊक आहे मला!”

“मी प्यालो होतो. सकाळपासून. मयतीलाही म्हणूनच गेलो नाही. दार पुरतं उघडलं असतं तर तुला वास आला असता. मी तेव्हा टेबलाशी बसणारा माणूस, मार्सली. माझा बाप मंडळीचा वडील होता. मला एवढंच सुचलं, की हिला वास येता कामा नये.”

“अरे, मी तुला गाडी चालव म्हटलं होतं का?” मार्सलीचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “चावी मागितली होती! दाराच्या फटीतून फेकली असतीस तरी चाललं असतं! तू प्यालास, झिंगलास, गटारात लोळलास, मला काय त्याचं? चावी होती ना तुझ्याकडे!”

“होती,” टोरकिल म्हणाला. “खिशातच होती.”

तो वळून गेला. तेव्हा मार्सलीच्या ध्यानात आलं की नऊ वर्षांत तिने त्यालाही मंडळीत पाहिलं नव्हतं, मागच्या बाकावरसुद्धा नाही. का येत नाही, असा विचार तिने एकदाही केला नव्हता.

त्या दिवशी तिला चैन पडेना. बटाटे सोलायला घेतले, अर्धे तसेच राहिले. गुडघे टेकले, उठली. आता नाव जिभेवर यायचं, पण त्यामागून येणारं वाक्य ऐकायची तिलाच भीती वाटे. तो मेला तर? तीनशे माणसांत तो मरणार म्हणून पुकारा केला तो आपणच. आणि रोरीचं काय? त्या बोटभर फटीचं काय? नुसत्या वासासाठी माझा माणूस गेला, प्रभू, नुसत्या वासासाठी! असं ती चुलीपुढे मोठ्याने बोलली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा हमसाहमशी रडली.

शनिवारी तिने काळा कोट घातला, काळी टोपी घातली. बाराची सभा, त्यानंतर बिल्ले. फिनलेदादा त्या बाबतीत घड्याळाचा गुलाम. शनिवारी हातोहात दिला तो दिला, नंतर कुणाच्याही घरी पोचवायचा नाही. साडेदहालाच ती निघाली, बाकावर बसून मन जरा ताळ्यावर यावं म्हणून. फाटक लावताना तिने चौदा नंबरकडे पाहिलं.

टोरकिल सूट घालून, बॅग घेऊन व्हॅनपाशी उभा होता. चावी दाराच्या भोकात जात नव्हती. एकदा चुकली, दुसऱ्यांदा चुकली. मग त्याने एक डोळा हाताने झाकला आणि पुन्हा नेम धरला.

मार्सली दोन पावलं पुढे गेली. थांबली. “डॉक्टरांनी तुला गाडी चालवायला सांगितलंय का?” तिने रस्त्यावरूनच विचारलं.

“नाही.”

“मग?”

“विमान साडेबाराचं आहे. उद्या रविवार, उद्या इथून काहीच सुटत नाही. गाव सगळं मंडळीत, टॅक्सीवालासुद्धा. आणि कुणाला सांगू? सुताराला?”

खरं म्हणजे मार्सलीने पुढे चालू लागायला काही हरकत नव्हती. दोष तिचा नव्हता, रस्ता मोकळा होता, आणि खाली मंडळीच्या दाराशी काळ्या कोटांची गर्दी दिसायला लागली होती. स्टॉर्नोवेला जाऊन यायचं म्हणजे सभाही गेली आणि बिल्लाही गेला. मग मार्चपर्यंत मागचा बाक. मार्च कुणी पाहिलाय? तिने मनात काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

“चावी दे,” ती म्हणाली.

टोरकिलने चावी तिच्या तळहातावर ठेवली. ती घामाने ओली होती.

दहा मैल गेले. रस्ता एका गाडीपुरता, दोन्ही बाजूंना ओली माळरानं आणि मधेच रस्त्यात बसलेल्या मेंढ्या. व्हॅनमध्ये माशांचा वास आणि पायाशी दोरांची भेंडोळी. मार्सलीने गिअर असा काही टाकला की व्हॅन कण्हली.

“क्लच,” टोरकिल म्हणाला.

“तू गप्प बस.”

आणखी दोन मैल गेल्यावर तोच म्हणाला, “मला भीती वाटतेय, मार्सली.”

मग एकदम, समोर बघत, मेंढ्यांवर ओरडावं तशा आवाजात ती म्हणाली, “हे प्रभू!”

टोरकिल दचकला. त्यांच्याकडे बाया मोठ्याने प्रार्थना करत नाहीत, पुरुषमाणसासमोर तर नाहीच नाही. “डोळे तेवढे मिटू नकोस,” तो घाईघाईने म्हणाला.

“हे प्रभू, हा टोरकिल आहे. टोरकिल. घेतलं बघ नाव. ह्याने मला चावी दिली नाही. तू होतास तिथे, तू पाहिलंयस, मी काही वाढवून सांगत नाही. माझा रोरी चुलीजवळ गेला, आणि ह्याच्या खिशात चावी होती. मला ते विसरता येत नाही, आणि विसरून दाखवलं तर तुलाही खरं वाटायचं नाही. पण ह्याला मारू नकोस. ह्याला नीट परत आण. चालता-बोलता आण. मला ह्याला अजून पुष्कळ बोलायचंय, नऊ वर्षांचं साठलंय, ते मी कुणाला बोलू? डॉक्टरचा हात धर. ह्याची भीती काढून घे. ह्याच्या आईला किती वाटलं असतं आज... ह्याला जगव रे बाबा, जगव ह्याला.” पुढे तिला बोलता येईना. तिने बाहीने नाक पुसलं, आणि व्हॅन एका मेंढीच्या कानाला चाटून पुढे गेली.

टोरकिल खिडकीकडे तोंड करून रडत होता. विमानतळावर उतरताना बॅग हातात घेऊन तो घुटमळला. “तुझा बिल्ला,” तो म्हणाला.

“जा तू. चुकवशील,” मार्सली म्हणाली.

ती गावात परत आली तेव्हा दीड वाजून गेला होता. मंडळीच्या दाराला कुलूप होतं.

रविवारी सकाळी मंडळीच्या दाराशी फिनलेदादा उभा होता. “काल आली नाहीस,” तो पुटपुटला. “मी तुझा बाजूला काढून ठेवला होता. शेवटपर्यंत हातात धरला होता. आता मला देता येत नाही गं.”

“नकोच देऊस, दादा. नियम तो नियम,” मार्सली म्हणाली. “पाळकसाहेबांना तेवढं सांग. टोरकिलचं ऑपरेशन उद्या सकाळी नऊला आहे. ग्लासगोला. नाव नीट घ्या म्हणावं, टोरकिल.”

फिनलेदादाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तो आत गेला.

ती मागच्या बाकावर बसली, विसाव्यांदा. शेजारी शोनाक. तिलाही बिल्ला नसायचा, कारण तिला आपली जीभ ठाऊक होती. पुढे टेबलावर पांढरी चादर घातलेली होती, आईची जागा रिकामी होती, आणि ते बघताना मार्सलीच्या जिवाला लागत होतं. तसं लागणारच. पण कानात गारा वाजत नव्हत्या. कान फक्त एका नावाकडे लागले होते.

मंडळी प्रार्थनेला उभी राहिली. पाळकांनी समुद्रावरच्यांसाठी मागितलं, म्हाताऱ्यांसाठी मागितलं. “आणि टोरकिलसाठी,” ते म्हणाले, “उद्या सकाळी ज्याला तुझ्या हाताची गरज आहे, त्याच्यासाठी.”

“आमेन!” मार्सली म्हणाली.

त्या मंडळीत आमेन मोठ्याने म्हणत नाहीत. पुरुष म्हणत नाहीत, मग बाईची तर गोष्टच सोडा. तीनशे मानांपैकी निम्म्या वळल्या. फिनलेदादाचा चष्मा नाकावर घसरला. शोनाकने कोपराने तिच्या बरगडीत ढोसलं.

“अगं, आमेन!” मार्सली तिला म्हणाली, आधीपेक्षा मोठ्याने.